छोट्या मोटारीचा मोठा सारथी

भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात चिखला नावाचे गाव आहे. तेथील भूमीच्या पोटातून मँगनीजचे खनिज काढले जाते. ते काळपट, जड दगड प्रथम पाहणाऱ्याला अगदी निरुपयोगी वाटतात. परंतु भट्टीच्या प्रखर तापातून गेल्यावर त्यांतील मँगनीज लोखंडात मिसळते आणि पोलादाला कणखरपणा येतो. त्याच पोलादाचे पुढे रूळ होतात, पूल होतात आणि मोटारींचे सांगाडेही होतात. जी गोष्ट खनिजाची, तीच पुष्कळदा माणसाची आणि माणसाने हाती घेतलेल्या वस्तूचीही असते. ताप सोसल्यावाचून आणि श्रम केल्यावाचून तिचा खरा गुण प्रकट होत नाही. एका जुन्या, खिळखिळ्या मोटारीतून शर्यतीची गाडी घडविणाऱ्या आणि ती घडविता घडविता स्वतःही घडत गेलेल्या ब्रूस मॅक्लारेनचे चरित्र याचीच साक्ष देते.

ब्रूसचा जन्म ३० ऑगस्ट १९३७ रोजी न्यूझीलंड देशातील ऑकलंड या शहरी झाला. न्यूझीलंड हा दक्षिण गोलार्धातील एक लहानसा बेटांचा देश. मोटारींचे मोठमोठे कारखाने आणि प्रसिद्ध शर्यती होत्या त्या दूर युरोपात. ब्रूसचे वडील लेस मॅक्लारेन यांचा ऑकलंडच्या रेम्युएरा भागात पेट्रोलपंप होता व त्याला जोडूनच गाड्यांच्या दुरुस्तीचे गॅरेज होते. तरुणपणी ते स्वतः मोटारसायकलींच्या शर्यतीत भाग घेत असत. त्यामुळे पान्यांचा खणखणाट, तेलाचा वास आणि इंजिनांचा आवाज यांच्या संगतीतच ब्रूसचे बालपण सुरू झाले. दिवसभर धावपळ करणारा, खेळात रमणारा असा तो एक चपळ मुलगा होता.

परंतु वयाच्या नवव्या वर्षी त्याच्यावर मोठे संकट कोसळले. त्याच्या डाव्या खुब्यात वेदना होऊ लागल्या. डॉक्टरांनी तपासून निदान केले, की हा पर्थेसचा रोग आहे. या रोगात मांडीच्या हाडाच्या वरच्या गोलाला पुरेसे रक्त मिळत नाही व तो गोल ठिसूळ होऊन झिजू लागतो. अशा वेळी त्या सांध्यावर शरीराचा भार पडू न देणे हाच त्या काळचा उपाय होता. ब्रूसला ऑकलंडमधील टाकापुना येथे अपंग मुलांसाठी असलेल्या विल्सन होम या संस्थेत ठेवण्यात आले. तेथे त्याचे पाय ताणून बांधले गेले आणि चाके लावलेल्या एका चौकटीवर त्याला निजून राहावे लागले. ही स्थिती एक-दोन महिने नव्हे, तर सुमारे दोन वर्षे टिकली.

ज्या वयात मुले झाडांवर चढतात, त्या वयात ब्रूस छताकडे पाहत पडून होता. आपण पुन्हा चालू शकू की नाही, हेही त्याला ठाऊक नव्हते. तरीही तो खचला नाही. त्या संस्थेतील मुले आपापल्या चाकांच्या खाटा हातांनी ढकलून एकमेकांशी शर्यती लावीत, त्यांत ब्रूस आघाडीवर असे. अखेरीस तो उठून उभा राहिला. प्रथम कुबड्या, मग काठी आणि मग केवळ स्वतःचे पाय, अशा पायऱ्यांनी तो चालू लागला. मात्र त्याचा डावा पाय उजव्याहून आखूडच राहिला. त्याचे किंचित लंगडणे जन्मभर गेले नाही. धावण्याच्या शर्यती त्याला कायमच्या अंतरल्या.

याच सुमारास लेस मॅक्लारेन यांनी एक जुनी मोटार विकत घेतली. ती १९२९ सालची ऑस्टिन सेव्हन जातीची गाडी होती. तिच्या या शर्यती नमुन्याला अल्स्टर असे नाव होते. ती धडपणे मोटार म्हणण्याजोगीही उरली नव्हती. तिचे भाग सुटे होऊन विखुरलेले होते. ते जोडून, गाडी नीट करून नफ्याने विकावी, असा लेस यांचा विचार होता.

ऑस्टिन सेव्हन या मोटारीचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. इंग्लंडमधील हर्बर्ट ऑस्टिन या कारखानदाराने १९२२ साली ती बाजारात आणली. सामान्य कुटुंबाला परवडेल अशी मोटार करावी, हा त्याचा हेतू होता. तिचे इंजिन चार सिलिंडरांचे, परंतु अवघे ७४७ घनसेंटिमीटरचे होते. गाडी छोटी, हलकी आणि रचनेने अत्यंत साधी होती. त्यामुळे जुनी झाल्यावर ती थोड्या पैशांत मिळे आणि घरच्या घरी उघडून पुन्हा जोडताही येई. ज्यांना शर्यतीची हौस होती पण खिशात पैसा नव्हता, अशा कित्येक तरुणांनी याच गाडीवर आपला हात साफ करून घेतला. पुढे लोटस या नामांकित मोटारींचा निर्माता झालेल्या कॉलिन चॅपमननेही आपली पहिली गाडी ऑस्टिन सेव्हनमधूनच बनविली होती.

अशा साध्या मोटारीला शर्यतीयोग्य करावयाचे म्हणजे काय? पहिली गोष्ट वजनाची. रिकामी बैलगाडी चढण सहज चढते. तीच पोत्यांनी भरली म्हणजे बैलांची छाती फुटते. मोटारीचेही तसेच आहे. नवे, मोठे इंजिन विकत घेण्यास पैसा लागतो; पण अनावश्यक आसने, जड पत्रे आणि शोभेच्या वस्तू काढून टाकण्यास पैसा लागत नाही. दुसरी गोष्ट इंजिनाच्या श्वासाची. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण सिलिंडरात जितके सुलभपणे शिरेल, जितके घट्ट दाबले जाईल आणि जळल्यावर धूर जितका मोकळेपणाने बाहेर पडेल, तितकी शक्ती अधिक मिळते. म्हणून आतल्या वाटा कानशीने घासून गुळगुळीत कराव्या लागतात आणि मिश्रण जेथे जळते त्या पोकळीचा आकारही सुधारावा लागतो. तिसरी गोष्ट ताब्याची. स्प्रिंगा, सुकाणू, टायर आणि ब्रेक हे जर विश्वासाचे नसतील, तर वाढलेला वेग वरदान न ठरता शाप ठरतो. ज्याला थांबता येत नाही त्याने धावू नये, हा शर्यतीचा पहिला धडा आहे.

लेस आणि ब्रूस या पितापुत्रांनी ते सुटे भाग एकेक करून स्वच्छ केले, घासले, दुरुस्त केले आणि जोडले. गाडी उभी राहिल्यावर लेस स्वतः ती चालवून पाहावयास निघाले. एक फेरी मारून ते परतले, तेव्हा त्यांचा उत्साह पार मावळला होता. गाडी रस्त्यावर सरळ राहत नव्हती आणि ब्रेक तर जवळजवळ नावालाच होते. ही गाडी धोक्याची आहे, ती विकून टाकावी, असे त्यांनी ठरविले.

ब्रूसच्या जीवनातील तो निर्णायक क्षण होता. गाडी विकली गेली असती तर गोष्ट तेथेच संपली असती. परंतु त्याने वडिलांची मनधरणी केली. ही गाडी मला द्या, मी ती नीट करीन, असा त्याचा आग्रह होता. पायाने अधू असलेल्या मुलाला असे वाहन द्यावे की नाही, हा विचार त्या पित्याच्या मनात आला नसेल असे नाही. तरीही त्यांनी मुलाच्या डोळ्यांतील निश्चय ओळखला आणि गाडी त्याच्या स्वाधीन केली.

मग ब्रूसचा दिनक्रमच पालटला. शाळा सुटली की तो गॅरेजमध्ये जाई. इंजिन खोलावे, प्रत्येक भाग कशासाठी आहे हे समजून घ्यावे, त्यात सुधारणा करावी, पुन्हा जोडावे, चालवून पाहावे आणि दोष आढळला की पुन्हा खोलावे, असा त्याचा क्रम चाले. सिलिंडरच्या हेडमधील पोकळी भरून काढून त्याने तिला नवा आकार दिला. घरामागच्या जागेत फळझाडांच्या भोवती त्याने इंग्रजी आठच्या आकड्यासारखा मार्ग आखला आणि त्यावर तो गाडी वळविण्याचा सराव करू लागला. थोड्या जागेत सतत वळणे घ्यावी लागत असल्यामुळे गाडीचे मागचे चाक केव्हा घसरते, पुढचे केव्हा ऐकेनासे होते, हे त्याला अंगवळणी पडले. पायांनी जे सुख हिरावून घेतले होते, ते आता चाकांनी परत दिले.

पंधराव्या वर्षी त्याला मोटार चालविण्याचा परवाना मिळाला. ऑकलंडच्या पश्चिमेस मुरिवाई नावाचा समुद्रकिनारा आहे. तेथील वळणावळणाच्या चढणीवर १९५२ साली मोटारींची स्पर्धा झाली. अशा स्पर्धेत गाड्या एकामागून एक सोडतात आणि कमीत कमी वेळात जो चढण चढेल तो विजयी ठरतो. ब्रूस आपली ऑस्टिन सेव्हन घेऊन तेथे गेला आणि छोट्या गाड्यांच्या गटात त्याने पहिला क्रमांक पटकाविला.

पुढे त्याने अभियांत्रिकीचे शिक्षण घेण्यास आरंभ केला. परंतु त्याचे मन पुस्तकाइतकेच शर्यतीच्या मार्गावरही असे. एकीहून दुसरी थोडी वेगवान, अशा गाड्या चालवीत त्याने देशात नाव मिळविले. १९५८ साली न्यूझीलंडमधील शर्यतींच्या संघटनेने एका होतकरू चालकास युरोपात पाठविण्याची योजना सुरू केली. पहिली निवड ब्रूसची झाली. वीस वर्षांचा तो तरुण हजारो मैलांचा प्रवास करून इंग्लंडमध्ये सर्बिटन येथील कूपर यांच्या कारखान्यात दाखल झाला.

हा कारखाना जणू ब्रूसच्याच स्वभावाचा होता. चार्ल्स कूपर आणि त्यांचा मुलगा जॉन या पितापुत्रांनी १९४६ साली फियाट टोपोलिनो या चिमुकल्या मोटारीचे दोन पुढचे भाग जोडून आपली पहिली शर्यतीची गाडी केली होती. इंजिन चालकाच्या पाठीमागे बसविण्याची त्यांची पद्धत प्रथम लोकांना विचित्र वाटली. पण तीमुळे गाडी हलकी व आटोपशीर झाली आणि पुढे साऱ्या जगाने तीच पद्धत उचलली. ब्रूस तेथे केवळ चालक म्हणून राहिला नाही. तो हातात पाना घेऊन कामगारांच्या बरोबरीने काम करी.

त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात जर्मनीतील न्यूरबुर्गरिंग येथे मोठी शर्यत झाली. सुमारे तेवीस किलोमीटर लांबीचा, डोंगरांतून व रानांतून जाणारा तो मार्ग भल्याभल्यांची परीक्षा घेणारा होता. त्या शर्यतीत दोन प्रकारच्या गाड्या एकत्र धावत होत्या. ब्रूसची गाडी कमी शक्तीच्या दुसऱ्या गटातील होती. तरीही तो आपल्या गटात पहिला आणि सर्व गाड्यांत मिळून पाचवा आला. एका दिवसात त्याचे नाव युरोपभर झाले.

१२ डिसेंबर १९५९ रोजी अमेरिकेत सेब्रिंग येथे जागतिक अजिंक्यपदाची अखेरची शर्यत झाली. कूपर संघाचा प्रमुख चालक जॅक ब्रॅबॅम सर्वांच्या पुढे होता आणि ब्रूस त्याच्या मागोमाग होता. शेवटच्या फेरीत ब्रॅबॅमच्या गाडीतील पेट्रोल अचानक संपले. आपला नायक थांबत आहे असे पाहून ब्रूसनेही वेग कमी केला. तेव्हा ब्रॅबॅमने हाताने जोरजोराने खुणावून त्याला पुढे पिटाळले. ब्रूसने शेवटची रेषा ओलांडली, तेव्हा त्याच्या मागची गाडी अवघ्या सहा दशांश सेकंदाच्या अंतरावर होती. ब्रॅबॅमने आपली गाडी हातांनी ढकलत आणून चौथा क्रमांक मिळविला आणि तो जगज्जेता ठरला. त्या वेळी ब्रूसचे वय बावीस वर्षे आणि काही महिने होते. इतक्या कमी वयात अशा दर्जाची शर्यत तोवर कोणी जिंकली नव्हती, आणि हा विक्रम २००३ सालापर्यंत अबाधित राहिला.

यश, मान आणि पैसा मिळाल्यावर अनेकांचा हात कामावरून निघतो. ब्रूसचे तसे झाले नाही. आपली स्वतःची गाडी आपण घडवावी, ही लहानपणची ओढ त्याला स्वस्थ बसू देईना. १९६३ साली त्याने आपल्या नावाची संस्था काढली. तिचा पहिला कारखाना म्हणजे न्यू मॉल्डन येथील एक अंधारी, मातीच्या जमिनीची शेड होती, आणि तीही रस्ता सपाट करणाऱ्या एका यंत्राबरोबर वाटून घेतलेली! सहकारी मोजके होते. ब्रूस त्यांच्याशी मालकासारखा वागत नसे. तो त्यांच्याबरोबर जागे, त्यांच्याबरोबर हात काळे करी आणि चूक झाली तर ओरडण्याऐवजी ती कशी सुधारावी याचा विचार करी. म्हणून ती माणसे त्याच्यासाठी रात्रीचा दिवस करीत.

त्याची निरीक्षणशक्ती किती सूक्ष्म होती, हे एका प्रसंगावरून दिसते. एकदा नव्या गाडीची चाचणी घेत असताना, पुढच्या भागावरील पेट्रोल भरण्याच्या तोंडाजवळचे एक झाकण वेगात वर उचलले जात आहे, असे त्याला दिसले. दुसरा कोणी असता तर त्याने ते झाकण घट्ट बसविण्यास सांगितले असते. ब्रूसने मात्र कारणाचा शोध घेतला. वरून वाहणाऱ्या हवेने झाकण खाली दाबले जावयास हवे. ते वर येते याचा अर्थ आत कोंडलेल्या हवेचा दाब जास्त आहे. त्याने गाडी थांबविली, पत्रा कापण्याची कात्री मागविली आणि रेडिएटरच्या मागे पत्र्यात सरळ भोक पाडले. आतली हवा मोकळी झाली आणि गाडी पूर्वीपेक्षा वेगाने धावली. फळझाडांभोवती ऑस्टिन सेव्हन फिरविणारा मुलगाच येथे पुन्हा दिसतो.

१९६६ साली ब्रूसने ख्रिस ॲमन या आपल्या देशबंधूसह फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. त्यानंतर ९ जून १९६८ रोजी बेल्जियममधील स्पा येथे त्याच्या जीवनातील सर्वांत आनंदाचा दिवस उगवला. पुढे असलेल्या जॅकी स्टुअर्टला अखेरच्या क्षणी पेट्रोलसाठी थांबावे लागले आणि ब्रूस पहिला आला. आपण जिंकलो आहोत हे प्रथम त्याला स्वतःलाच उमगले नाही. इतरांनी ते सांगितले. स्वतःचे नाव असलेल्या गाडीत बसून जागतिक दर्जाची शर्यत जिंकण्याचे भाग्य फारच थोड्यांना लाभले आहे. पुढच्या वर्षी, १९६९ साली, कॅनडा व अमेरिका येथील स्पर्धामालिकेत एकूण अकरा शर्यती झाल्या. त्या अकराही मॅक्लारेनच्या नारिंगी गाड्यांनी जिंकल्या.

परंतु वेगाचा मार्ग निर्धोक नसतो. २ जून १९७० रोजी इंग्लंडमधील गुडवुड येथे ब्रूस एका नव्या गाडीची चाचणी घेत होता. वादळात घरावरचा पत्रा उडतो हे सर्वांनी पाहिले आहे. वेगाने धावणाऱ्या गाडीवरही हवेचा असाच प्रचंड जोर असतो. म्हणूनच शर्यतीच्या गाडीचा आकार असा ठेवतात, की हवेने तिला वर न उचलता जमिनीवर दाबून धरावे. त्या दिवशी गाडीच्या मागील भागाचे आवरण वेगात सुटले. जमिनीवरील पकड क्षणात नाहीशी झाली, गाडी गरगरत मार्गाबाहेर गेली आणि एका भक्कम चौथऱ्यावर आदळली. ब्रूस जागीच मरण पावला. त्या वेळी तो केवळ बत्तीस वर्षांचा होता. मागे पत्नी पॅट्रिशिया आणि चार वर्षांची मुलगी अमँडा होती. ज्या ऑकलंड शहरात तो जन्मला, तेथेच त्याला चिरविश्रांती देण्यात आली.

त्याचे सहकारी दुःखाने व्याकूळ झाले. पण त्यांनी काम सोडले नाही. १४ जून रोजी, म्हणजे अवघ्या बारा दिवसांनी, कॅनडातील मॉस्पोर्ट येथे त्यांच्या गाड्या शर्यतीस उभ्या राहिल्या. ब्रूसच्या जागी डॅन गर्नी हा चालक बसला होता आणि त्याने ती शर्यत जिंकली. १९७४ साली मॅक्लारेन संघाने प्रथमच जागतिक अजिंक्यपद मिळविले. त्यानंतरही अनेकदा ते त्याच्याकडे आले. संस्थापक गेला तरी त्याने लावलेली कामाची शिस्त मागे राहिली.

छोट्या, स्वस्त गाडीतून मोठी विद्या शिकण्याची ही परंपरा भारतातही दिसून येते. कोइमतूर येथील एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० या घरगुती मोटारीचे इंजिन वापरून एका माणसाच्या, कमी खर्चाच्या शर्यती गाड्या तयार केल्या. १९९५ साली एका विमान अपघातात त्यांचा अंत झाला. पण त्या साध्या गाड्यांवर शर्यतीचे पहिले धडे गिरविलेला नारायण कार्तिकेयन २००५ साली फॉर्म्युला वन या सर्वोच्च स्पर्धेत उतरणारा पहिला भारतीय ठरला.

ब्रूसची ती ऑस्टिन सेव्हन आजही जपून ठेवली आहे. इंग्लंडमध्ये वोकिंग येथे मॅक्लारेन कंपनीचे भव्य केंद्र आहे. तेथे जगज्जेत्या गाड्यांच्या ओळीत ती चिमुकली मोटार मानाने उभी आहे. तिच्या शेजारच्या गाड्या तिच्याहून कितीतरी पट वेगवान आहेत. तथापि त्या साऱ्यांची जननी तीच होय. मोठी साधने मिळाल्यावर मोठे काम करू, असे म्हणत बसणाऱ्याच्या हातून पुष्कळदा काहीच घडत नाही. हाती असलेली लहान वस्तू जो पूर्णपणे समजून घेतो, तिचे दोष धीराने दूर करतो आणि अपयश आले तरी पुन्हा पाना उचलतो, त्याला पुढची वाट सापडते.